आठवा लागायच्या आत

परवा नातवाच्या गाडीत तांबडा दिवा लागला. "अल्टरनेटर जातोय बहुतेक, आजी. बघू सवडीनं," असं तो म्हणाला आणि मी त्याच्यावर अशी खेकसले की स्वयंपाकघरातनं लेक हातातलं लाटणं घेऊन धावत आली. "सवडीनं काय सवडीनं? दुरुस्त करायची तर आत्ता कर, नाहीतर तशीच चालव. पण सवड म्हणू नकोस माझ्यापुढं!" पोरगं कावरंबावरं झालं. त्याचं काय चुकलं होतं? काही नाही. ज्यांच्यावर ओरडायचं ते सगळे वर गेले, म्हणून ते ओरडणं त्याच्या वाट्याला आलं.

आमच्या वेळी मोटारीत अल्टरनेटर नव्हता, डायनामो असायचा. काम तेच. इंजिन चालू असेल तोवर बॅटरी भरत राहायची. एवढंसं यंत्र, पण त्याच्यापायी आमच्या घराचं काय झालं ते मला कुणी विचारावं.

मी साताऱ्याची. दुष्काळाच्या आदल्या साली लग्न होऊन कडेगावजवळच्या खेड्यात आले. सासरे मिलिट्रीत ड्रायव्हर होते. आमच्याकडं सासऱ्याला मामंजी म्हणायचं. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी एक जुनी काळी मोटार घेतली आणि टॅक्सी सुरू केली. विट्याचा बाजार, कराडचं कोर्ट, मिरजेचा दवाखाना, पंचक्रोशीतलं माणूस अडलं की मामंजींच्या दारात यायचं. आमचे हे कुपवाडला कारखान्यात लेथवर होते, ते शनिवारी घरी. म्हणजे आठवडाभर घरात मामंजी, सासूबाई, मी आणि वन्सं.

वन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्याच वयाची. नणंद-भावजयीचं वाकडं असतं म्हणतात, आमचं नव्हतं. भांडायचो, पण ते भांडण ताकातल्या मिठासारखं, त्याच्याशिवाय चव नाही. मी पहिल्यापासून फटकळ. पहिल्याच महिन्यात तिनं सगळ्यांसमोर माझं नाक खाली केलं, "आबा, साताऱ्याचा कंदी पेढा म्हणून आणला न् निघाली मिरची की वो!" मामंजी इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा सांडला.

तिला गाडीचा भारी सोस. पुढच्या सीटवर बसायचं, कोपर खिडकीबाहेर काढायचं आणि गाव येईपर्यंत उगीच हॉर्न वाजवायचा. मामंजी दुसऱ्या कुणाला हॉर्नला हात लावू देत नसत. माझ्या ह्यांनाही नाही. लेकीला मात्र सगळं माफ.

दुष्काळातच तिचं लग्न झालं. जावई मिलिट्रीतला, गाव जतच्याही पुढं. मिलिट्रीचा माणूस म्हटल्यावर मामंजींनी पुढचं काही विचारलंच नाही. सासूबाई मात्र मला कोपऱ्यात घेऊन रडल्या, "उसातली लेक माळावर दिली गं. तितं प्यायाचं पाणी टँकरनं येतंय." पण माणसं चांगली होती, खोटं कशाला बोलू. पाठवणीच्या वेळी वन्संनी मोटारीच्या दाराला घट्ट धरून ठेवलं आणि रडता रडताच म्हणाली, "आबा, मला न्ह्यायला गाडीच घिऊन यायाचं. यष्टीनं येणार न्हाई मी, सांगून ठेवते."

"मग काय," मामंजी म्हणाले, "गाडी काय कोंबड्या बसवायला घेतलीया व्हय? तुज्यासाठीच हाय ती."

त्या वेळी सगळे हसलो.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. उन्हाळा सरता सरता जतहून निरोप आला की वन्संना दिवस गेलेत. सासूबाईंनी घरभर साखर वाटली आणि लगोलग बोटांवर हिशेब घातला. पहिलटकरीण माहेरीच बाळंत व्हायची, ही आमच्याकडची रीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला माहेरी आणायची, ती बाळंत होऊन महिना-सव्वा महिना झाल्यावरच परत जायची. सातव्यात नाही आणली, तर मग नववा लागल्यावर. आठव्यात आणायची नाही. आठव्यात पोटुशीनं वेस ओलांडायची नाही, ओढा ओलांडायचा नाही. का, ते कुणी सांगत नसे. मी एकदा विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "सातव्याचं जगतंय, आठव्याचं जगत न्हाई. आठवा वंगाळ."

आणि त्याच उन्हाळ्यात तो तांबडा दिवा कुरकुरायला लागला.

मोटारीची किल्ली फिरवली की समोरच्या फळीवर एक तांबडा दिवा लागायचा आणि इंजिनानं सूर धरला की विझायचा. विझला म्हणजे डायनामो बॅटरी भरतोय. तो आता पुरता विझेना. आधी नुसता मंद राहायचा, मग खड्ड्यातनं गाडी गेली की भक्कन लागायचा. संध्याकाळी पुढचे दिवे हळदीसारखे पिवळे पडायचे. मामंजींनी आतले घासलेले कार्बन बदलले. चार दिवस बरं, पुन्हा ते आपलं तसंच. पण त्यांनी गाडी थांबवली नाही. मारुतीच्या देवळापाशी उतारावर लावायची, सकाळी ढकलून चालू करायची, बॅटरी अगदीच बसली की विट्याला चार्जिंगला टाकायची. पावसाळाभर त्यांनी असंच रेटलं. ह्यांनी एकदा म्हटलं, "आबा, सांगलीला दावून घ्या की एकदा," तर म्हणाले, "भागतंय की रं. हितल्या हितं तर फिरायचंय. बंद पडली तर बैल जोडून आणू."

गौरी-गणपती झाले आणि वन्संना सातवा लागला. सासूबाईंनी डोहाळजेवणाची हिरवी साडी आणून ठेवली होती. मी जुन्या मऊ लुगड्यांची झबली, कुंच्या, दुपटी शिवत होते. माझा मुलगा तेव्हा पाच-सहा महिन्यांचा, अंगावर पिणारा, त्याला मांडीवर घेऊनच टाके घालायची. पुढं पितरपाट होता, त्या पंधरवड्यात लेकीला आणायची नाही, डोहाळजेवण करायचं नाही. मामंजींनी ठरवलं, तेवढ्या दिवसांत डायनामोचं काम उरकायचं आणि घट बसले की जतला जायचं.

"आता कशाला उघडताय?" ह्यांनी विचारलं.

"आता लेक आणायचीया," मामंजी म्हणाले. "लांबच्या ड्युटीला अनफिट गाडी गेटाभाईर काढायची न्हाई. मिलिट्रीत कोर्टमार्शल व्हतंय त्याला."

मला त्या वेळी ते ऐकून बरं वाटलं होतं. लेकीसाठी किती जपतात, असं वाटलं.

सांगलीच्या मिस्त्रीनं डायनामो खोलला. आतली तारांची गुंडाळी जळाली होती, ती नव्यानं भरायला दुसऱ्या दुकानात दिली. तिथं आधीच पंपांच्या मोटारींची रांग. ऊसवाल्यांचं काम आधी, टॅक्सीवाल्याचं मागनं. पितरपाट संपायला आला तेव्हा डायनामो बसला, किल्ली फिरवली आणि तांबडा दिवा पुन्हा डोळे वटारून उभा! बॅटरीकडं जाणारी वीज सांभाळणारी एक डबी असते, तिला सगळे कटआऊट म्हणायचे. तीच गेली होती. जुन्या गाडीची डबी सांगलीत मिळेना. कोल्हापूरहून मागवायची ठरली.

मामंजी घरी आले आणि मिस्त्री काय म्हणाला ते त्यांनीच आम्हाला सांगितलं. मिस्त्री म्हणाला होता, बॅटरी पुरी भरून देतो, उजाडता निघा, दिवे लावू नका, हॉर्न वाजवू नका, सांज व्हायच्या आत लेकीला घेऊन घरी याल. दिवसा इंजिनाला वीज लागते किती? पुरून उरेल. सोबत दुसरी भरलेली बॅटरीसुद्धा द्यायला तो तयार होता.

"मग जाऊ या की!" मी म्हणाले. सुनेनं मधे बोलायचं नसतं, पण मी बोलले.

मामंजींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पोटुशी पोरगी हाय. कवठ्याच्या म्होरं नुस्ता माळ. झाड न्हाई, वस्ती न्हाई. तितं बंद पडली तर तिला काय उनात बसवू? का धक्का माराय लावू?"

"यष्टीनं आणा मग."

"दारात मोटार असताना माजी लेक यष्टीत लोंबकळत येणार? लोक त्वांडात श्यान घालतील."

"दुसऱ्याची टॅक्सी करा."

ह्यावर ते हसले. "टॅक्सीवाला मी, आन् दुसऱ्याची टॅक्सी करू?"

सासूबाईंनी मला चुलीकडं बोलावलं, म्हणजे गप्प बस असं सांगितलं. मी धुसफुसत भाकऱ्या थापल्या. ज्या तांबड्या दिव्यावर त्यांनी पावसाळाभर परक्यांची माणसं नेली, म्हाताऱ्या नेल्या, आजारी नेले, बाळंतिणीसुद्धा नेल्या, तोच दिवा पोटची लेक आणायची म्हटल्यावर आडवा आला. माया कमी असती तर गेले असते हो ते. कधीच गेले असते.

घट बसले. डबी आली ती अष्टमीला, एसटीच्या ड्रायव्हरबरोबर. दोन-चार स्क्रूचं काम, मामंजींना डोळे मिटून येणारं. पण संध्याकाळीच त्यांनी खंडेनवमीसाठी सगळे पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर रॉकेलमध्ये धुतले होते, पुसून लखलखीत केले होते. सकाळी ती हत्यारं घटापुढं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मोटारीलाही माळ घातली. डबी तिच्या बॉनेटवर ठेवून तिलाही कुंकू लावलं.

"मामंजी, तेवढं बसवून टाका की," मी म्हणाले.

"हत्यार बसलंय. दसरा झाल्याबगर उचलायचं न्हाई."

मी शेजारनं एक स्क्रू ड्रायव्हर मागून आणायला निघाले होते, पण शेजारचाही पूजेत! अख्ख्या गावात त्या दिवशी लोखंड देव झालं होतं. हसावं की रडावं, सांगा. दसऱ्याला सोनं लुटलं, माणसांची ये-जा, सगळे विचारत होते, "लेक कवा आणताय?" मामंजी म्हणायचे, "हे काय, आता निघायचंच."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी डबी बसवली. किल्ली फिरवली, इंजिन घुमलं आणि तांबडा दिवा विझला. पुरता विझला! मामंजींनी आम्हाला सगळ्यांना हाक मारून तो विझलेला दिवा दाखवला. पण इतके दिवस उपाशी राहून बॅटरी मेली होती, ती विट्याहून नवी आणण्यात आणि भरण्यात आणखी दिवस गेले. गाडी घासूनपुसून तयार झाली, मागच्या सीटवर गोधडी अंथरली, तक्क्या ठेवला. पुढच्या सीटवर वन्संना धक्के बसतील म्हणून मागं झोपवून आणायचं ठरलं होतं. "पहाटं निघू," मामंजी जेवताना म्हणाले.

सासूबाई बोटं मोजत होत्या. मोजून झाली, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग म्हणाल्या, "आवं, आठवा लागला की वो."

मामंजींनी ताट बाजूला सारलं. मला वाटलं, हा माणूस बर्फात गाड्या चालवून आलाय, तोफा बघून आलाय, हा काय असलं मानणार? पण ते उठले, अंगणात गेले आणि गाडीतली गोधडी काढून घेऊन आले.

मला ते चित्र अजून दिसतं. अजून राग येतो. मी नवऱ्याच्या आईबापांबद्दल वाईट बोलू नये, त्यांनी मला लेकीसारखं वागवलं. पण राग येतो त्याला काय करू!

दिवाळी आली. वन्सं नसलेली पहिलीच दिवाळी. मामंजी रोज सकाळी गाडी चालू करायचे, तांबडा दिवा विझतोय ना बघायचे आणि बंद करायचे. कुठली लांबच्या भाड्याची वर्दी आली तर घेत नसत. नववा लागला की त्याच दिवशी निघायचं, म्हणून गाडी राखून ठेवली होती.

भाऊबीजेला हे जतला गेले, एसटीनं. बहिणीकडं ओवाळून घ्यायला जायचंच असतं. दुसऱ्या दिवशी परत आले ते चप्पलसुद्धा न काढता आत आले. "आबा, ताईचं पाय लय सुजल्यात. त्वांड पन सुजलंय. डोकं दुकतंय म्हनती, डोळ्याम्होरं अंदारी येतीया म्हनती. तिची सासू म्हनती पहिलटकरणीचं सुजतंच. मला काय ती बरी वाटंना. आपुन जाऊ न् मिरजंला दवाखान्यात न्हिऊ."

"तिनं काय म्हटलं?" मामंजींनी विचारलं.

ह्यांनी खाली बघितलं. "म्हनली, गाडी का न्हाई आणली?"

मामंजी ताडकन उठले. कोनाड्यातली किल्ली त्यांनी हातात घेतली. मी देवाशपथ सांगते, घेतली होती. तेवढ्यात सासूबाई दारात आडव्या झाल्या. ही बाई काही दुष्ट नव्हती हो. तिचं स्वतःचं एक लेकरू असंच गेलेलं, आठव्यात ओढा ओलांडून माहेरी गेली तेव्हा. ते तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. "माजं गेलं तसं तिचं घालवू नगा. थोडकं दिस ऱ्हायल्यात. नववा लागला की मी सोता येते गाडीत."

"आत्याबाई, दवाखान्यात न्यायचंय, सणाला नाही!" मी सासूबाईंवर ओरडलेच. "बाई सुजलीय तिकडं!"

मामंजी कितीतरी वेळ किल्ली हातात घेऊन उभे होते. गाडी तयार, बॅटरी भरलेली, टाकी भरलेली. ह्या खेपेला गाडीत काही म्हणजे काही बिघाड नव्हता. मग त्यांनी किल्ली कोनाड्यात परत ठेवली. "थोडकंच दिस ऱ्हायल्यात," तेही म्हणाले.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी, सकाळच्या एसटीनं वन्संचा चुलतदीर आला. अंगणातच उभा राहिला. पाणी दिलं ते त्यानं घेतलं नाही. "वैनी आजारी हाय, चला म्हनलं न्हेयाला," एवढंच बोलला.

आमच्याकडं अशा बातम्या अशाच सांगतात. आजारी आहे, चला. उरलेलं वाटेत समजायचं. तरी मी वेडी म्हणत होते, आजारीच असेल, मिरजेला नेऊ, बरी होईल. सासूबाईंनी ट्रंक उघडून हिरवी साडी काढली, बाळाच्या कपड्यांचं बोचकं काढलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू पन चल. लेकराला पाजाय कुनीतरी पायजे."

तेव्हा मला कळलं.

मामंजी गाडीपाशी होते. त्यांनी बॉनेट उघडलं, तेल बघितलं, पाणी बघितलं, चाकांवर एकेक लाथ मारली, पुढची काच फडक्यानं पुसली. लांबच्या ड्युटीवर निघण्याआधी करायचं ते सगळं त्यांनी एकेक करून केलं. दिवाळीच्या सुट्टीला घरीच असलेले हे मधे म्हणाले, "आबा, चला," तर म्हणाले, "व्हय, व्हय," आणि पुन्हा काच पुसायला लागले.

गाडी एकदाही अडली नाही. विटा, तासगाव, कवठे महांकाळ, पुढचा तो माळ. ज्या माळाला भिऊन मामंजी थांबले होते त्या माळावर मेंढरं चरत होती, बांधावर एक म्हातारा बसला होता, दोन-तीन वस्त्याही होत्या. लागलंच असतं तर पाणी मिळालं असतं, सावली मिळाली असती.

माहेरची माणसं आल्याशिवाय सवाशिणीला उचलत नाहीत, म्हणून त्यांनी थांबवून ठेवलं होतं. वन्संना आकडी आली होती, झटके. बैलगाडीतनं जतला न्यायला निघाले तेव्हा वाटेतच बाळंत झाली आणि गेली. सवाशीण गेली की माहेरची साडी नेसवतात. सासूबाईंनी डोहाळजेवणाची हिरवी साडी लेकीला नेसवली. ओटी भरली. मी हिरव्या बांगड्या भरायला घेतल्या, तर सुजलेल्या हातात जाईनात. मी त्या तिच्या उशाशी ठेवल्या. मला तिच्यावरसुद्धा राग आला होता. कंदी पेढा म्हणून आणला न् निघाली मिरची, असं म्हणणारी ती अशी गप्प कशी पडते!

मुलगी झाली होती. मांजराच्या पिलाएवढी. बायका माझ्या देखत म्हणत होत्या, आठव्याचं हाय, जगायचं न्हाई. मी तिला कापसात गुंडाळून पदराखाली घेतली. तिला ओढायची ताकद नव्हती, मी बोटानं तिच्या तोंडात थेंब सोडत राहिले. माझा पोरगा बाजूला भोकाड पसरून होता. पसर म्हटलं, तुझी आई धडधाकट आहे.

जावयाला तार गेली होती, तो पोचायचा होता. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली आणि सासूबाई विहिणीला म्हणाल्या, "लेकराला दूध पायजे, ते आमच्या सुनंकडं हाय. त्येच्या बापाला आमच्या दारात यिऊन बगू द्या." कुणी आडकाठी केली नाही.

दुपार कलल्यावर निघालो. मी पुढच्या सीटवर बसले, वन्संच्या जागेवर, पोटाशी तिची लेक. मागं सासूबाईंकडं माझा मुलगा आणि शेजारी हे. तासगावच्या अलीकडं दिवस बुडाला. अंधार पडायला लागला तरी मामंजी तसेच चालवत होते. समोरनं उसाची गाडी आली, बैल एकदम दिसले, तसे हे मागनं ओरडले, "आबा, लाईट लावा की!"

"बॅटरी उतरंल," मामंजी म्हणाले.

"आबा, आवं डायनामो केला की आपुन."

"आँ?" असं म्हणून त्यांनी खटका दाबला. दिवे लागले. पिवळे नाही, पांढरेशुभ्र, रस्ता पार लांबवर दिसायला लागला, कडेची बाभळ पान न् पान दिसायला लागली. मामंजींनी गाडी बाजूला घेतली, दोन्ही हात चाकावर ठेवून त्या उजेडाकडं बघत राहिले आणि मग जे रडायला लागले ते काय सांगू. सरणापाशीसुद्धा त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं नव्हतं. "दिवसा गेलो असतो गं पोरी," मला म्हणत होते, "दिवसाच गेलो असतो. कशाला लागत हुते दिवे?"

मी, फटकळ म्हणून नाव असलेली. त्या माणसाला काय बोलणार!

ती पोरगी जगली. परवा लाटणं घेऊन धावत आली ती हीच. माझ्या दुधावर वाढली, मला आई म्हणते, आणि गाडीत बसली की कोपर खिडकीबाहेर काढते. तिला कुणी शिकवलं नाही.

त्या संध्याकाळी गावाच्या वेशीपाशी आलो तेव्हा सासूबाईंनी गाडी थांबवायला सांगितली. तान्हं लेकरू वेशीच्या आत न्यायच्या आधी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, तो त्यांनी पदरात बांधून आणला होता. खाली उतरून, माझ्या खिडकीशी उभं राहून त्यांनी माझ्या मांडीवरच्या लेकरावरनं तुकडा ओवाळला. आणि टाकायच्या आधी हात तसाच वर राहिला. दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता, सवयीनं.

"आवं," त्या मामंजींना म्हणाल्या, "आठवाच चाललाय की अजून."

मामंजींनी त्यांना गाडीत बसायला लावलं, गाडी गिअरमध्ये टाकली आणि आम्ही वेस ओलांडली.